समोरच्याचे डोळे

पेणला खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं गाव विचारलं नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मच्छी चालते का तेही विचारलं नाही. पडवीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "गाडी चालवता?"

"हो, मोटरसायकल आहे."

"काळोखात समोरून गाडी आली तर काय करता?"

"डिपर देतो."

"आणि गाडी नाय, नुसता माणूस चालत आला तर?"

चालणाऱ्या माणसासाठी दिवा खाली करायचा असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि माझं मलाही कधी सुचलं नव्हतं. "नाही देत," असं खरं सांगून टाकलं आणि खोली गेली असं समजून हेल्मेट उचललं. तर त्यांनी घरात तोंड करून हाक मारली, "किल्ली आण गो. माणूस खोटा बोलत नाय."

त्या दिवसापासून ते माझे काका झाले आणि किल्ली घेऊन आल्या त्या काकू. माझ्या सख्ख्या काकांशी माझं कधी चार वाक्यांपलीकडे बोलणं झालं नाही, पण ते असो.

काका एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी रोहा डेपोत, आणि त्यातली बरीचशी पेण-रोहा गाडीवर. निवृत्त झाल्यावर काकूंच्या माहेराजवळ पेणला येऊन राहिले. डेपोत त्यांना खऱ्या नावाने कुणी ओळखत नसे. तिथे ते 'डिपर'. समोरून ट्रक येवो, बैलगाडी येवो, धाटावच्या कारखान्यांची शिफ्ट सुटून सायकलवर निघालेला कामगार येवो, नाहीतर रस्ता ओलांडणारं कुत्रं येवो, काका दिवा खाली करणार म्हणजे करणारच. "कुत्र्याला कशाला डिपर?" असं एका कंडक्टरने वैतागून विचारलं तेव्हा काका म्हणाले होते, "मग तो काय डोळे घरी ठेवून आलाय?" हा किस्सा मला रोह्यात तिघांनी सांगितला, आणि तिघांच्याही सांगण्यात तो कंडक्टर वेगळा होता.

जुन्या गाड्यांना डिपरचं बटण पायाशी असायचं, क्लचच्या डावीकडे. नोकरी संपली हे काकांच्या डाव्या पायाला कधी कळलंच नाही. संध्याकाळी पडवीत बसलेले असताना गल्लीत कुणी झगझगीत दिवा लावून शिरला की तो पाय लादीवर आपटायचा. एकदा, दोनदा, तीनदा. गाडी काही ऐकायची नाही. मग काका पुटपुटायचे, "अप्परवर जगतात साले." अप्पर म्हणजे खाली न केलेला, पूर्ण झोतातला दिवा, आणि तीच त्यांची मोठ्यात मोठी शिवी. मोठ्याने बोलणारा माणूस अप्पर, वरातीतला बेंजो अप्पर, टीव्हीवर तावातावाने भांडणारे तर झाडून सगळे अप्पर. काकू भडकल्या की ते तळहात हळूच खाली करून दाखवायचे. त्याने काकूंचा आवाज कधी खाली आल्याचं मला आठवत नाही. "सगळ्या जगाचा बटण यांच्या पायाखाली हाय असा वाटता यांना," असं त्या मला ऐकवायच्या. वीज गेली की काका टॉर्च पेटवून आपल्याच हाताने झाकायचे आणि बोटांच्या फटीतून येईल तेवढ्या उजेडात घरभर फिरायचे. त्यात दोनदा मांजरावर पाय देऊन पडले.

आणि अशा माणसाच्या घरी राहायला आलेला मी पोटासाठी काय करत होतो, तर मोटारींचे लेझर हेडलाइट.

आमची कंपनी लहानशी, पेणच्या बाहेर एका जुन्या गोदामात. लेझरचा निळा किरण तांदळाच्या दाण्याएवढ्या पिवळ्या तुकड्यावर पडतो आणि त्यातून पांढराशुभ्र उजेड निघतो. अर्धा किलोमीटर पुढचं लख्ख दिसतं. पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचं काय? त्यासाठी काचेमागे कॅमेरा असतो. समोर कुणी आहे असं त्याला वाटलं की तो दिव्याला कमी हो म्हणून सांगतो. किती कमी व्हायचं, किती वेगाने आणि परत कधी वाढायचं, हे ठरवणं माझं काम होतं.

हे मी काकांपासून चार दिवस लपवलं. पाचव्या दिवशी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे इतका वेळ बघत राहिले की आता किल्ली परत मागतात असं वाटलं.

"म्हणजे डिपर तुमी देणार. ड्रायव्हर नाय."

"हो. आपोआप."

"मग मला बघायचाय."

आमच्या चाचण्या शनिवारी संध्याकाळी व्हायच्या, धाटावला बंद पडलेल्या एका कारखान्याच्या आवारात. तिथे सरळ आणि काळोखा असा एक रस्ता होता. हिवाळ्यात सात वाजताच मिट्ट अंधार व्हायचा. काका आले ते घरची घडीची खुर्ची घेऊन. गाडीसमोर साठ पावलं मोजून त्यांनी ती मांडली आणि बसले. तोवर आम्ही तिथे उजेड मोजायचं यंत्र ठेवत असू, आणि ते यंत्र आमचा दिवा पास झाल्याचं सांगत असे. आमचे साहेब पुण्याचे, नियमाने चालणारे. ते म्हणाले, "आजोबा, चाचणीत माणूस बसवायची पद्धत नाही."

काका म्हणाले, "गाडीत तुमी चार जण बसलाव. समोर कोण हाय?"

काकांनी एका काठीला पांढरा रुमाल बांधून ती दहा पावलांवर जमिनीत रोवायला लावली. दिवा डोळ्यांवर येऊन कमी झाला की एक, दोन, तीन मोजायचं आणि रुमाल परत दिसला की थांबायचं, ही त्यांची पद्धत. आधी मला बसवलं. दोन म्हणायच्या आत मला रुमाल दिसला. मग ते बसले. आम्ही दिवा टाकला, कॅमेऱ्याने तो कमी केला, आणि काका मोजू लागले. पाच झाले, आठ झाले, दहा झाले. गाडीतून आम्हाला तो रुमाल ढळढळीत दिसत होता. तेराला ते म्हणाले, "हां, दिसला."

आमचा दिवा तिशीतल्या डोळ्यांना पास झाला होता, आणि रस्त्यावर तर सगळ्याच वयाची माणसं चालतात.

तेराचे पाच करायचे असं काकांनी ठरवून टाकलं. पाचच का? त्याचं उत्तर निडीला होतं. पेण-रोहा गाडी घेऊन ते संध्याकाळचे निघाले असताना निडीजवळ समोरून एक ट्रक अप्परवर आला. काकांचे डोळे दिपले. काहीच दिसेना तेव्हा त्यांनी भरलेली गाडी जागच्या जागी उभी केली. मागून प्रवासी ओरडायला लागले. काका पाच मोजेपर्यंत थांबले. नजर ठिकाणावर आली तेव्हा बंपरपासून चार पावलांवर एक म्हातारा सायकल धरून उभा होता, डोळ्यांवर हात घेऊन. त्यालाही दिसत नव्हतं. "तो मला बघत नव्हता, मी त्याला बघत नव्हतो," काका सांगायचे. "दोघा आंधळ्यांच्या मधे एक एसटी उभी." उशीर का झाला असं डेपोने लेखी विचारलं. काकांनी लिहून दिलं, डोळे दिपले म्हणून थांबलो. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. तो त्यांनी काच लावून पडवीत टांगला होता आणि मी तो बरेच दिवस प्रशस्तिपत्रक समजत होतो.

मग दर शनिवारी काका आमच्याबरोबर यायला लागले, आणि हे दीड वर्ष चाललं. अहवालात त्यांना काय म्हणायचं असा साहेबांना प्रश्न पडला, तेव्हा मी 'ज्येष्ठ निरीक्षक' असं लिहिलं. ते वाचून काका इतके खूश झाले की पुढच्या शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून आले. त्यांच्या तक्रारी मात्र यंत्राला न कळणाऱ्या असायच्या. दिवा कमी होतो ते बरं, पण झपकन होतो, त्याने जास्तच अंधारी येते. मी तो सावकाश उतरवला. आकडा दहावर आला. मग म्हणाले, माणूस बाजूला व्हायच्या आत तुमी उजेड परत वाढवता, घाई कसली? मी तो रेंगाळवला. नऊ.

एका शनिवारी ते छातीशी गणपती धरून उतरले. त्यांचा भाचा हमरापूरला मूर्ती करतो. त्याच्याकडून दोन फुटांची, अजून रंग न लागलेली पांढरी मूर्ती काकांनी उसनी आणली होती. तोंड गाडीकडे करून, मूर्तीच्या मागे स्वतःला पुरतं झाकून, ते काळोखातून चालत आमच्याकडे यायला लागले. कॅमेऱ्याला माणूस ओळखायला आम्ही शिकवलं होतं. सोंड, चार हात आणि खाली माणसाचे दोन पाय असलेलं काही शिकवलं नव्हतं. दिवा तसूभरही कमी झाला नाही. गणपती ट्यूबलाइटसारखा लखलखत पुढे येत राहिला आणि त्याच्या मागून काकांचा आवाज आला, "देवाला डिपर देत नाय तुमची गाडी!"

साहेब चिडले. "रस्त्यावरून असा गणपती घेऊन कोण चालतं?"

"भाद्रपदात पेणला येऊन बघा कोण कोण चालतात."

साहेब हसले, आम्हीही हसलो, पण सोमवारी कामाला लागलो. गणपती घेतलेला माणूस, डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, पोत्याची खोळ घेतलेला शेतकरी, यातलं आमच्या कॅमेऱ्याला कुणीच कळत नव्हतं. ओळख पटो न पटो, माणसाएवढं काही हलताना दिसलं तर आधी दिवा कमी करायचा, असं ठरलं. त्यामुळे दिवा आधीच उतरायला लागला आणि आकडा सातावर आला. परत येताना नागोठण्याला चहा पिताना काकांनी गणपतीला मांडीवर घेतलं होतं आणि चहावाल्याला सांगत होते की आज बाप्पांनी दिवा नापास केला.

मला हे सगळं फार आवडत होतं, खोटं कशाला बोलू. त्यांच्यामुळे माझं काम चांगलं होत होतं, माझं नाव होत होतं, आणि शनिवारची मी वाट बघायचो. त्यामुळे जे घरातल्या घरात दिसायला हवं होतं ते मला दिसलं नाही. काका चहात साखरेऐवजी मीठ घालायला लागले होते. पायरी चुकत होते. वर्तमानपत्र समोर धरून माझ्याकडून बातम्या वदवून घेत होते आणि मी त्याला गप्पा समजत होतो.

एका दुपारी काकू वर माझ्या खोलीत आल्या. त्या कधी वर येत नसत. दारातच उभ्या राहिल्या.

"त्यांना दोनी डोळ्यांत मोतीबिंदू हाय. तुमाला बोलले?"

मी नाही म्हणालो.

"दीड वरीस झाला. डॉक्टर बोलला ऑपरेशन करा, पिकलाय. आता ठेवला आणि डोळ्यात दाब वाढला तर नजर परत यायची नाय. तर हे बोलतात, ऑपरेशन केला का मी पण सगळ्यांसारखा. मग म्हाताऱ्यांच्या डोळ्यांनी दिवा कोण बघंल?" काकूंचा आवाज चढला नाही, त्यानेच मला जास्त भीती वाटली. "माझ्या बापसाचे डोळे मिठागरात गेले. उन्हातला मीठ बघून बघून. शेवटी हात धरून ताटावर बसवायचो आमी त्याला. आता नवऱ्याचा पण तसाच करू? तुमी त्यांना सांगा दिवा झाला म्हणून. खोटा सांगा."

तेराचा आकडा कुठून आला होता ते मला तेव्हा कळलं. त्या माणसाच्या आंधळं होण्यावर मी दीड वर्ष काम केलं होतं. मला स्वतःची लाज वाटली.

त्याच संध्याकाळी पडवीत जाऊन म्हणालो, "काका, दिवा पास झाला."

"किती आला?"

"पाच."

"बसला कोण?"

"मी."

"मग तुमचा पाच म्हणजे माझा पंचवीस. नापास." मग म्हणाले, "खोटा बोलत नाय म्हणून किल्ली दिली होती."

मग मी सगळंच सांगितलं. काकू वर आल्या होत्या ते, त्यांच्या वडिलांचं, आणि मला हा दिवा त्यांच्या डोळ्यांच्या बदल्यात नको आहे हेही. दोन दिवस काका माझ्याशी बोलले नाहीत आणि शनिवारी मीही त्यांना घेऊन गेलो नाही. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाले, "चला डॉक्टरकडे."

डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळे एकदम करत नाहीत. आधी एक, महिन्याने दुसरा. काकांचा चेहरा उजळला.

"मग डावा करा. उजवा कंपनीचा."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता वाचायला लागलो.

डावा डोळा छान झाला. महिना उलटला आणि जे होणार असं काकूंना वाटत होतं तेच झालं. काका परत घडीची खुर्ची काढून बसले. एक डोळा झाकून बघायचे, मग दुसरा. "या डोळ्यानी दोन, या डोळ्यानी सात. आता तर तुमाला आणखी बरा झाला." उजव्याच्या ऑपरेशनचा दिवस त्यांनी दोनदा पुढे ढकलला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता पंधरा दिवस, त्यापुढे मी जबाबदार नाही.

तो एक डोळा झाकून दुसऱ्याने बघायचा खेळ बघता बघताच मला सुचलं. मी पेणच्या चष्मेवाल्याकडून साध्या काचांचा चष्मा आणला आणि काकांपुढे ठेवला.

"काका, तुमच्या उजव्या डोळ्याला जसं दिसतं तशा या काचा करा. मग तो डोळा मी घालून बसेन."

त्यांनी चष्मा उलटसुलट करून बघितला. "करील कोण?"

"तुम्हीच. जगात दुसऱ्या कुणाला जमणार नाही. तुमच्याकडे दोन्ही आहेत, चांगला आणि वाईट."

आम्ही हमरापूरला भाच्याच्या कारखान्यात गेलो. मूर्ती गुळगुळीत करायला त्यांच्याकडे पॉलिश पेपर असतो, त्यातला सगळ्यात बारीक घेतला. भाचा काच घासायचा, काका ती बऱ्या डोळ्यासमोर धरायचे आणि दारातल्या बल्बकडे बघायचे. मग ती काढून, बरा डोळा झाकून, उजव्याने बघायचे. "आणखी घास." "कडेला जास्त झाला, पूस." "दुसरी काच घे." तीन संध्याकाळी हे चाललं. काच जमली तरी त्यांचं समाधान होईना. "मला पांढरा पिवळा दिसता. तो कुठाय?" तेव्हा भाच्याने पितांबराला मारतात त्या पिवळ्या रंगाचा अगदी पातळ फवारा काचेवर मारला. काकांनी ती डोळ्यासमोर धरली, काढली, परत धरली. आजूबाजूला गणपतींच्या रांगा होत्या आणि सगळे कारागीर हातातले ब्रश थांबवून काकांकडे बघत होते.

"बास," काका म्हणाले. "आता दोनी सारखे."

चष्मा त्यांनी रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिला. मी तो घालून कारखान्याच्या बाहेर आलो. रस्त्यावरून एक साधा टेम्पो गेला, आणि मला आपण कुठे उभे आहोत ते कळेना. मी भिंत धरून उभा राहिलो. या नजरेने हा माणूस दीड वर्ष आपल्या घराच्या पायऱ्या चढत-उतरत होता.

चार दिवसांनी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

मी चष्मा घालून दर शनिवारी त्या घडीच्या खुर्चीत बसत राहिलो. पहिल्यांदा सात, मग सहा. दिवा किती सावकाश उतरवायचा यावर माझं आणि साहेबांचं चांगलंच भांडण झालं. मी चष्मा काढून साहेबांच्या नाकावर चढवला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. ते उठून आले ते माझ्या बाजूने बोलतच. आणि एका शनिवारी मी एक, दोन, तीन, चार म्हटलं आणि पाचाला रुमाल दिसला.

काकांना सांगायला मी चष्म्यासकट सकाळी खाली गेलो. त्यांचा काळा चष्मा आदल्या दिवशीच उतरला होता. काकू पडवीत वाल निवडत होत्या आणि काका समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्याकडे बघत होते. डावा डोळा बरा झाला तेव्हापासून तोही दिव्याकडेच लागलेला; काकूंकडे असं निवांत बघताना मी त्यांना प्रथमच बघत होतो. मी दारातच थांबलो.

"केस सगळे पिकले गो तुझे," काका म्हणाले.

"पिकणारच."

"कधी?"

"झाली दोन वर्षं."

"बोलली नायस."

"काय बोलायचा?" काकूंनी सुपातून नजर काढली नाही. "तुमचे डोळे कंपनीत होते."

माझ्या तोंडून पाच हा आकडा निघेना. काकांचं माझ्याकडे लक्ष गेलं. माझ्या हातातला चष्मा बघून त्यांनी हात पुढे केला. तो त्यांनी घातला, कानांवर नीट बसवला आणि काकूंकडे बराच वेळ बघितलं.

"हां," ते म्हणाले. "यात तू अजून तरणी हायेस."

काकू हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग सूप बाजूला ठेवून उठल्या, काकांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला.

"हा घरात परत आणू नका," त्या मला म्हणाल्या. "जशी हाय तशी बघू दे त्यांना."